हे नंतर काढायचं

माझ्या स्वभावातला एक दोष आधीच सांगून टाकते. कोणी माझं काम तपासायला लागलं की मला राग येतो. वरून मी हसते, "हाँ हाँ, बिल्कुल, देखिए ना" म्हणते आणि आतल्या आत चरफडते. सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत इतकी वर्षं काढल्यावर माणसाला थोडा माज येतोच. ही भाषा तुमच्यासाठी काही म्हणजे काही करत नाही. एक बाइट इकडचा तिकडे झाला तरी गप्प बसते आणि भलत्याच दिवशी तोंडघशी पाडते. म्हणून मी प्रत्येक ओळ तीनदा वाचते, असं मी नव्या लोकांना ऐकवायचे. आता ऐकवत नाही.

नोएडातल्या आमच्या छोट्या कंपनीकडे गाझियाबादच्या एका खासगी हॉस्पिटलचं काम आलं होतं. तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी छळाच्या तक्रारीचा फॉर्म बनवायचा होता. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाने, म्हणजे अगदी प्रत्येकाने, आपला कर्मचारी नंबर टाकून तो भरायचा. ज्याच्याविरुद्ध तक्रार असेल त्याचं नाव यादीतून निवडायचं, नसेल तर "तक्रार नाही" निवडायचं. सगळेच भरणार असल्यामुळे तक्रार करणारी बाई उठून दिसत नाही, ही त्यातली खुबी. निवडलेलं उत्तर तिथल्या तिथे कुलूपबंद होऊन सर्व्हरवर पडायचं. कुलूप कोणीही लावावं, पण उघडायची किल्ली फक्त तक्रार समितीवरच्या बाहेरच्या वकीलबाईंकडे, आणि त्याही मुदत संपल्यावरच उघडणार. हॉस्पिटलवाल्यांना दिसणार ते नंबर आणि त्यासमोर अक्षरांचा गिचमिडा.

कुलूप लावणं हे गणिताचं काम. माझ्याकडे होतं त्याच्या आधीचं, पॅडिंगचं. आम्ही दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो. दर हिवाळ्यात अमरावतीहून काका संत्र्यांची पेटी पाठवायचे आणि तिच्यात संत्र्यांभोवती गवत कोंबलेलं असायचं. पॅडिंग म्हणजे ते गवत. उत्तर लहान असो की मोठं, भोवती कोंबून पेटी एका मापाची करायची, आणि गवत दरवेळी नवं घ्यायचं, कोणाला अंदाज येणार नाही असं. मग दोघांनी एकच उत्तर दिलं तरी बंद झाल्यावर ती पार वेगळी दिसतात. गवत तेच ते वापरलं तर सारखी उत्तरं सारखीच दिसतात. मग कुलूप फोडायची कोणाला गरजच उरत नाही.

तपासताना मात्र पंचाईत होते. दरवेळी वेगळाच गिचमिडा येणार असेल तर तो बरोबर आहे की चूक, हे कळायचं कसं? यासाठी सोडवलेली उदाहरणं मिळतात. हा संदेश, ही किल्ली, हे गवत, तर शेवटी नेमकं हेच आलं पाहिजे. मी उदाहरणातलं गवत प्रोग्रामच्या डोक्यावर एका ओळीत लिहून टाकलं आणि शेजारी टीप लिहिली, इंग्रजी अक्षरांत पण मराठी भाषेत: हे नंतर काढायचं.

ऑफिसात मराठी मी एकटीच. माझ्या टिपा मी मुद्दाम मराठीत लिहायचे. "इथे माती खाल्ली आहे", "हा प्रकार सरांना दाखवू नये", असल्या. दिवसभर हिंदी आणि इंग्रजी बोलल्यावर तेवढंच बरं वाटायचं, आणि कोणी नाक खुपसू शकत नाही याची मजाही वाटायची. उत्तर उदाहरणाशी तंतोतंत जुळलं. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. मी खूश. माझं काम तपासायला बसलेल्या सहकाऱ्याने ती ओळ पाहिली, टीप पाहिली, मॅडमनी काहीतरी लिहिलंय, ठीकच असेल, म्हणून पुढे गेला. विचारलं असतं तर मी त्याच्यावर खेकसलेच असते.

माझी धाकटी बहीण त्याच हॉस्पिटलात नर्स आहे. फॉर्म सुरू झाल्यावरच्या रविवारी ती दिल्लीतल्या द्वारकेला, माझ्या आणि आईच्या घरी जेवायला आली होती. ताटं उचलताना ती हळूच म्हणाली, "ताई, मी 'तक्रार नाही' नाही भरलं."

मी हातातलं ताट तसंच धरून उभी राहिले. तिच्या विभागातला एक मोठा डॉक्टर औषधांच्या खोलीत मागून येऊन उभा राहतो, वाट अडवतो, एवढंच तिने सांगितलं. त्याच्याबद्दल तोंडी बोललेल्या आधीच्या नर्सला महिन्याभरात राजीनामा द्यावा लागला होता, हेही सांगितलं.

"भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"तू बनवलंयस ना, यार. मग कशाला घाबरू?"

मला अभिमान वाटला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटला होता.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवाल्याची मेल आली. भला माणूस, नीटनेटका. त्याने माझ्या बहिणीच्या विभागाचा तक्ता जोडला होता आणि लिहिलं होतं, "मॅडम, सबकी एंट्री एक जैसी आ रही है, बस एक स्टाफ की अलग है। शायद ठीक से सेव नहीं हुई। दो बजे शिफ्ट बदलेगी, तब बुलाकर दोबारा भरवा लूँ?"

मी तक्ता उघडला. डावीकडे नंबर, उजवीकडे गिचमिडा. एकाखाली एक तोच गिचमिडा, तोच, तोच, पानभर तोच. मधेच एक ओळ वेगळी. तिच्या डावीकडचा नंबर मला पाठ होता, कारण बहीण आमच्याकडे राहायची तेव्हा तिचं आयकार्ड मी कितीदा तरी धुण्याच्या कपड्यांतून काढलं आहे.

ती ओळ, ती टीप, सगळं एका क्षणात आठवलं. मी नंतर काढलं नव्हतं. पेटीपेटीत मी तेच गवत भरलं होतं, आणि शंभर जणींच्या रांगेतून माझ्या बहिणीला हात धरून बाहेर काढून उभं केलं होतं. कोणीही फॉर्ममध्ये एकेक नाव भरून गिचमिडा जुळवून बघितला असता तर तिने कोणाचं नाव निवडलं तेही पाच मिनिटांत कळलं असतं. मेलच्या वरच्या बाजूला दुसरा एक पत्ताही होता, हॉस्पिटलच्या प्रशासन अधिकाऱ्याचा. तो त्या डॉक्टरबरोबर रोज जेवतो, असं बहीणच म्हणाली होती.

मी तिला फोन लावला. वाजत राहिला. ड्यूटीवर त्यांचे फोन लॉकरमध्ये असतात, हे मला माहीत होतं, तरी चारदा लावला.

सरांकडे गेले. माझी चूक सांगितली. बहिणीचं सांगितलं नाही, कारण ती नर्स कोण हे आणखी एका माणसाला कळणं मला नको होतं. सरांनी चष्मा वर केला. "अरे, तो बोल दो ना कि वो एक एंट्री करप्ट है. दोबारा भरवा लेंगे. चुपचाप अगले अपडेट में ठीक कर देना."

सोपं होतं. माझी चूक झाकली गेली असती. दोन वाजता माझ्या बहिणीला सगळ्यांसमोर हाक मारून कॉम्प्युटरसमोर बसवलं असतं, आणि शेजारी कोण उभं राहिलं असतं कोण जाणे. खरं कारण लिहावं तर तेही नको, कारण एक ओळ वेगळी का दिसते हे मीच त्या अधिकाऱ्याला समजावून दिल्यासारखं होणार. सरांना मी एवढंच म्हणाले, "नहीं सर, सब की सब ग़लत हैं."

जागेवर येऊन कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. कोणाला बोलावू नका म्हणाले. मग मेल लिहिली: चूक माझी आहे, तक्त्यातली एकही ओळ धरता येणार नाही, सगळ्या पुसा, तुमची आधीची मेल तक्त्यासकट काढून टाका, शुक्रवारपर्यंत सगळ्यांनी नव्याने भरावं. यातला शब्दन् शब्द खरा होता. पाठवल्यावर लक्षात आलं की माझ्या बहिणीची तक्रारही मीच पुसायला लावली आहे.

ओळ काढायला अर्धं मिनिट लागलं. तिच्या जागी दरवेळी नवं गवत मागणारी ओळ लिहिली. सहकाऱ्याला बोलावून शेजारी बसवलं आणि टिपेसकट प्रत्येक शब्दाचा अर्थ हिंदीत सांगितला. तो ऐकताना पांढरा पडला. त्याचा काही दोष नव्हता. मग मी यमुना बँकला मेट्रो बदलून वैशालीला, हॉस्पिटलजवळच्या स्टेशनला गेले. सगळ्या प्रवासात मी एकच विचार करत होते, की तो अधिकारी आत्ता जेवायला बसला असेल.

दोन वाजून गेल्यावर बहीण हॉस्पिटलच्या फाटकातून बाहेर आली. मला बघून घाबरली. "ताई, इथे कशी? आई बरी आहे ना?"

फाटकापासून जरा लांब, चहाच्या टपरीमागे नेऊन मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्याला कळलंय?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? तू बनवलंयस ना?"

मी चूक कशी झाली ते पुन्हा सांगायला लागले, उदाहरण, ओळ, टीप. तिने हात वर करून मला थांबवलं. "परत भरायचंय का?"

"हो. शुक्रवारपर्यंत. आता नीट आहे. दुसऱ्याकडून तपासून घेतलंय." आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "पण तू या वेळी नको ना भरूस. 'तक्रार नाही' म्हण आणि सोडून दे. मला फार भीती वाटतेय गं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "अच्छा," म्हणाली, आणि ऑटो थांबवून निघून गेली.

शनिवारी नवा तक्ता आला. मी तो उघडायला तासभर घेतला. एकही ओळ दुसरीसारखी नव्हती. बहिणीचा नंबर शोधला, त्यासमोरचा गिचमिडा अक्षर अक्षर वाचला, दहादा वाचला. काही कळलं नाही. माझंच काम, आणि ते आता बरोबर चालत होतं.

रविवारी ती जेवायला आली. नेहमीसारखी बसली, आईशी बोलली. ताटं उचलताना मी तिच्या मागे गेले आणि विचारलं, "काय भरलंस?"

"आता कोणालाच दिसत नाही ना?"

"नाही."

"तुलाही नाही?"

"नाही."

"मग बरं आहे," ती म्हणाली आणि नळ सोडून ताट धुवायला लागली.

वकीलबाई अजून कोणाला काही बोललेल्या नाहीत. तिने त्याचं नाव दिलं असेल तर आता तिचं काय होईल, या भीतीने माझा जीव टांगणीला लागतो. दिलं नसेल तर तो अजून त्या औषधांच्या खोलीत जातो आहे आणि तिला गप्प बसायला मी सांगितलं आहे. तिची ड्यूटी असते त्या दिवशी मी दुपारी दोन वाजेपर्यंत तिला फोन लावत राहते. तो लॉकरमध्ये वाजत राहतो.