पाच जाकिटांची अस्तरं

टेलर मास्तरांना काळजी करायला कारण लागत नाही. एक सुई सापडेनाशी झाली की ती कुणाच्या तळपायात गेली, ती व्यक्ती कुठल्या दवाखान्यात आहे, इथपर्यंत पाच मिनिटांत जाऊन येतील. अशा माणसाची एकुलती एक लेक सैन्यात भरती झाली म्हटल्यावर काय विचारता! लेक लहानपणापासून काटकुळी, म्हणून मास्तर तिला टाचणी म्हणतात. आता ती टाचणी वायरलेसवर बसून मोठमोठ्या साहेबांना "पुन्हा बोला, ऐकू आलं नाही" असं दटावते.

ती निघाली तेव्हा मास्तरांनी आधी काय केलं असेल, तर तिच्या सामानाचा विमा उतरवायला लावला. सरकारनं दिलेलं सामान जळलं, हरवलं तर ते भरून द्यायचं तिनंच. शिवाय तिचं स्वतःचं सामान वेगळं.

"लोक पोरीचा विमा काढतात, तुम्ही बुटांचा काढा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"पोरीला काही होणार नाही," मास्तर ठणकावून म्हणाले, आणि दोन दिवस धड जेवले नाहीत.

तर त्या विम्याची वेळ आली. छावणीतल्या कपडे वाळवायच्या खोलीत हीटरनं पेट घेतला. आत कुणी नव्हतं, पण टाचणीचं थंडीचं जाकीट, झोपायची पिशवी, बूट आणि तिचे लाडके हेडफोन, सगळ्याची राख झाली. उसन्या सामानावर ती सरावाला डोंगरात गेली होती. तिथून तिनं फॉर्म मोबाईलवर पाठवला. "बाबा, पावत्या तुमच्याकडे आहेत, तुम्हीच भरा. शुक्रवारी पाचच्या आत. आणि घाबरू नका." शेवटच्या दोन शब्दांनी मास्तर जास्तच घाबरले.

शुक्रवारी दुपारी दुकानात बसून त्यांनी फॉर्म भरायला घेतला. बूट झाले, पिशवी झाली, हेडफोन झाले. जाकिटाच्या रकान्याखाली प्रश्न होता: 'सदर वस्तूत विमाधारकाने अथवा अन्य कोणी फेरफार केला होता काय? होय / नाही.'

"अगं, फेरफार म्हणजे ऑल्टर का?"

मास्तरीणबाई काजं करत होत्या. "फेरफार म्हणजे लबाडी. तुम्ही लबाडी कुठे केलीत? अस्तर बदललंत."

बदललं होतंच. टाचणी सुट्टीवर आली तेव्हा म्हणाली होती, बाबा, हे अस्तर मानेला टोचतं, रात्रभर खाजवत बसते मी. मास्तरांचा जीव कळवळला. ते राठ अस्तर त्यांनी उसवून काढलं आणि आत असं मऊ, झुळझुळीत कापड घातलं की टाचणी त्यात गाल घासत राहिली. पुढच्या सुट्टीत ती मैत्रिणींची चार जाकिटं घेऊन आली. मास्तरांनी तीही तशीच करून दिली, फुकट, वर प्रत्येकीच्या खिशात एकेक जादा बटण.

काढलेली अस्तरं टाकतो कोण? मास्तरांनी पाचही एकावर एक रचून इस्त्रीच्या टेबलावर ताणून बसवली होती. काय कापड होतं! दोन महिने त्यावर इस्त्री फिरत होती. परवा तर फोनच्या नादात त्यांनी तापलेली इस्त्री तशीच उपडी ठेवली होती, तरी साधा डागही पडला नव्हता. मास्तरांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून ते दाखवलं होतं.

आता त्यांचं लक्ष त्या टेबलाकडे गेलं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अगं," ते म्हणाले, "हे जळत नाही."

"तेच सांगताय ना दोन महिने सगळ्यांना."

"जळू नये म्हणूनच घातलं होतं ते! आणि मी काढलं. आत काय घातलं, तर काडी लावली की भुर्रकन पेटेल असं."

मास्तरीणबाईंच्या हातातलं काज थांबलं. पण बाई व्यवहाराला पक्की. "जाकीट राख झालं. राखेत कोण अस्तर शोधतंय? 'नाही'वर खूण करा आणि मोकळे व्हा. पुढच्या महिन्यात पोरगी बर्फातल्या ठाण्यावर जायची आहे, दोन वर्षं वाट बघतेय. सरकारी वस्तूला हात लावला म्हणून तिचं नाव कापतील."

"आणि त्या चौघी? त्यांची जाकिटं कुठे जळलीत? अंगात आहेत त्यांच्या. त्याच हीटरपाशी बसत असतील."

मास्तरीणबाईंनी काज बाजूला ठेवलं आणि फोन पुढे सरकवला. टाचणीचा फोन लागेना. सात वेळा लावला. मग मास्तरांनी विमा कंपनीचा नंबर फिरवला. तिकडे एक बाई होत्या, आवाजाला जरा कडक.

"मॅडम, होय. अस्तर मीच बदललं. मुलीला माहीत नव्हतं ते कशाचं आहे. मलाही नव्हतं."

"मग जाकिटाची भरपाई नाही मिळणार. बाकीचं मिळेल. आणि हे मला छावणीला कळवावं लागेल."

"कळवा ना! आत्ता कळवा. अजून चार आहेत, लिहून घ्या." मास्तर चौघींची नावं सांगू लागले. घाम इतका, की रिसीव्हर हातातून निसटत होता. "आणि दोष माझा, असं लिहा."

"तसा रकाना नाही हो यात," बाई म्हणाल्या. आवाज थोडा उतरला होता. "पण शेऱ्यात लिहिते."

त्यानंतरचे तीन दिवस मास्तरांचे कसे गेले, ते ज्यांच्या पँटी त्यांनी शिवल्या त्यांना विचारा. एकीचा एक पाय चार बोटं आखूड. टेबलावरची अस्तरं उसवून, इस्त्री करून, छावणीकडे पार्सल केव्हाच गेलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी फोन आला.

"बाबा, साहेबांनी सगळ्यांची जाकिटं उलटी करून बघितली. आम्ही पाचही जणी ठाण्याच्या तुकडीतून बाहेर. पुढची तुकडी सहा महिन्यांनी. त्या चौघी माझ्याशी बोलत नाहीयेत."

मास्तरीणबाई फोनला कान लावून उभ्या होत्या, त्या डोळे पुसायला वळल्या.

"मला विचारायचं तरी होतं, बाबा."

"लागत नव्हता गं तुझा फोन. सात वेळा लावला." मग भीत भीत, "आता अंगात काय आहे?"

"नवीन दिलंय सगळ्यांना."

"टोचतंय?"

"खूप."

"त्या चौघींनाही?"

"त्यांनाही. सगळ्या खाजवतायत. का?"

"काही नाही," मास्तर म्हणाले, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा स्टुलावर नीट टेकून बसले.