उंबऱ्याबाहेरचं पाऊल

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की चहाच्या निमित्ताने उठून जाणारा मी माणूस. पण हे माझ्याच सहीने कागदावर आहे, म्हणून लिहितोय.

दुबईत रास अल खोरच्या एका गोदामात मी नोकरी करतो. परदेशातून प्रदर्शनासाठी येणारी चित्रं आमच्याकडे उतरतात. पेटी उघडली की कंडिशन रिपोर्ट लिहायचा – कुठे तडा, कुठे रंग उडालाय, सगळं. परत पाठवताना पुन्हा लिहायचा आणि दोन्ही ताडून बघायचे.

मागच्या वर्षी एका चर्चमधलं चित्र आलं, रोमँटिक काळातलं, म्हणजे दोनेकशे वर्षांपूर्वीचं. तेव्हाचे काही चित्रकार मृत्यू सांगाड्याच्या रूपात न काढता देवदूताच्या रूपात काढायचे. इथेही तसंच... दारात पंखवाली तरुण बाई, हातात विझलेली मशाल, आत खाटेवर एक म्हातारी. मी लिहिलं, ‘उजवं पाऊल उंबऱ्याबाहेर, अंगठ्याजवळ रंग उडालेला.’

तेव्हा आई आमच्याकडे अल कुसैसला होती. दोन महिने एकच धोशा – "मला चिपळूणला जाऊ दे रे आता." मी म्हणायचो, "प्रदर्शन होऊ दे, मग तिकीट काढू." व्हिसासुद्धा वाढवून घेतला. फिरवायला वेळ नाही, म्हणून प्रदर्शन सुरू व्हायच्या आधी एका शनिवारी दुपारी तिला आणि मुलीला गोदामातच नेलं. काय तरी माझी अक्कल!

आई त्या चित्रासमोरून हलेना.

"कोण रे ही?"

"मृत्यू आहे, आई."

"अगं बाई! एवढी साधी?" मग म्हणाली, "बिचारी बाहेरच उभी आहे. कुणाला असं ताटकळत ठेवू नये रे." आणि शेजारीण दारात आल्यासारखं अगदी सहज त्या चित्राला म्हणाली, "ये गं, आत ये."

"आजी, इट्स जस्ट अ पेंटिंग!" मुलगी म्हणाली. मीही हसलो.

त्यानंतर नवव्या दिवशी दुपारी जेवून आई जरा आडवी झाली, ती उठलीच नाही. प्रदर्शन संपायला चार दिवस होते.

चित्र परत पाठवताना मी रिपोर्ट घेऊन त्याच्यासमोर उभा राहिलो. पाऊल उंबऱ्याच्या आत होतं. पेटी उघडली तेव्हाचे फोटो शोधून पाहिले – त्यांतही आतच! पण माझ्या नोंदीत ‘बाहेर’, आणि खाली चित्राबरोबर आलेल्या माणसाचीही सही. मॅनेजर म्हणाला, "हबीबी, लिहिताना चुकलं असेल. खलास." मी दुरुस्तीवर सही केली. पण आईनेही ते बाहेरच पाहिलं होतं ना?

खरं सांगू? ते पाऊल मला आता फारसं छळत नाही. आईची भरलेली बॅग दोन महिने आमच्या दाराशी उभी होती, आणि मी रोज सकाळी तिला वळसा घालून कामावर जात होतो.