झेंडूचा हार आणि विलायती इंजिन

नातवंडांनो, तुमचं पत्र पोचलं. गाडी घ्यायची आहे, पण त्या विलायती कंपनीची नको, कारण "तिची इंजिनं कच्ची, असं आपल्या घरात सगळेच म्हणतात," हे वाचून मी चष्मा पुसला. सगळे म्हणतात ते माझ्यामुळे. तेव्हा पैसे भरण्याआधी एवढं वाचा.

मी नऊ वर्षांची होते. नाशकात तेव्हा मोटारी मोजक्याच. माझे वडील, अप्पा, वकील. त्यांची मोटार अमेरिकन. शेजारच्या डॉक्टरांची त्याच विलायती कंपनीची. रोज संध्याकाळी ओट्यावर वाद.

"तुमचं इंजिन खोकतं हो, वकीलसाहेब. औषध देऊ का?"

"खोकतं, पण पोचवतं. तुमचं नुसतं ऐटीत उभं!"

शेवटी पैज लागली. दसऱ्याला त्र्यंबकच्या रस्त्यावरचा चढ चढायचा. ज्याची मोटार आधी थांबेल, त्यानं दुसऱ्याच्या मोटारीला आपट्याचं सोनं देऊन वाकून नमस्कार करायचा. अप्पा कोर्टातसुद्धा जेमतेम मान लववत. आणि आमची मोटार त्या चढावर आधी दोनदा उकळलेली! आई देवापुढे म्हणाली, "आजच्या दिवस यांची मान ताठ राहू दे रे बाबा."

सकाळी आमच्या अंगणात दोन्ही मोटारींची पूजा झाली. हार घालायचं काम माझं. पाहुण्यांना मोठं ते द्यावं, ही घरची शिस्त. म्हणून मी दंडाएवढा जाड हार डॉक्टरांच्या मोटारीला वेटोळे घालून बांधला, पुढची जाळी पार झाकून टाकली. आमच्या मोटारीला उरलेली चार फुलं.

अर्ध्या चढावर विलायती मोटारीनं वाफ सोडली आणि ती उभी राहिली. आमची खोकत वर पोचली. मी उतरून मागे धावले. हाराची पार भाजी झाली होती. त्याच्यामागून इंजिनाला वारा लागणार तरी कुठून? तशीच पळत वर अप्पांकडे आले.

"अप्पा, इंजिन नाही, माझा हार..."

"आधी त्यांना वाकू दे," अप्पा कुजबुजले. "मग सावकाश सांग."

डॉक्टर चालत वर आले आणि आमच्या मोटारीपुढे वाकले. तेवढ्यात आमच्या मोटारीनं फुर्रकन गरम पाणी उडवून त्यांची टोपी भिजवली.

ते 'सावकाश' मी आजवर पाळलं. विलायती इंजिन कच्चं, हे गावभर झालं. डॉक्टरांनी वैतागून मोटार मालेगावच्या एका कापडवाल्याला विकली. आमची दोन वर्षांत भंगारात गेली.

त्या कापडवाल्याचा नातू गेल्या वर्षी डॉक्टरांच्याच मोटारीतून निकाहाला गेला. ती अजून चालते.