आबांनी न ऐकलेला हॉल

एखाद्या इमारतीवर इतका जीव टाकणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. माझ्या साडूच्या वडिलांना, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आबांना, पूर्व युरोपातल्या एका शहरातला संगीताचा हॉल जितका पाठ आहे तितकं मला माझं ऑस्ट्रेलियातल्या वेरिबीचं घर पाठ नाही, आणि माझं घर मी भिंतीतल्या खिळ्यांसकट मोजलेलं आहे. खुर्च्या किती, छताच्या लाकडी पट्ट्या किती, दारापासून मंचापर्यंत पावलं किती, काहीही विचारा. फक्त तिथलं संगीत कसं ऐकू येतं ते विचारायचं नाही. कारण माणसांनी भरलेला तो हॉल आबांनी कधी ऐकलेलाच नव्हता.

सत्तरच्या दशकात तिथलं समाजवादी सरकार आपल्याकडच्या मुलांना शिष्यवृत्त्या देत असे. आबा पुण्याहून ध्वनिशास्त्र शिकायला गेले तेव्हा शहराचा नवा हॉल बांधून होत आला होता. कामगारांसाठी बांधलेला. दर्शनी भिंतीवर गव्हाच्या पेंढ्या उचललेल्या धिप्पाड बायका, पायऱ्यांना संगमरवर, आणि आत खुर्च्या मात्र शाळेतल्यासारख्या लाकडी, कारण सगळा पैसा संगमरवरात गेलेला. आवाजाची मोजमापं घ्यायचं काम प्राध्यापकांनी आबांवर सोपवलं. आठ महिने हा पंचविशीतला पुणेकर कानटोपी घालून रिकाम्या हॉलमध्ये टाळ्या वाजवत फिरला, आणि प्रत्येक टाळी विरायला किती वेळ लागला ते वहीत लिहीत राहिला. उद्घाटनाला सहा आठवडे उरले असताना वडील गेल्याची तार आली. घरात दोन बहिणी लग्नाच्या. आबा परत आले ते आलेच.

टाळी मात्र त्यांच्याबरोबर आली, आणि पुढे मुलाबरोबर ऑस्ट्रेलियालाही आली. कुठल्याही खोलीत शिरले की आबा मधोमध उभे राहतात, एकच टाळी वाजवतात आणि डोळे मिटून मान जराशी डावीकडे कलती करतात, आणि ती किती सेकंदांत विरली ते सांगतात. आम्ही घर घेताना इन्स्पेक्शनला मी मोजपट्टी नेली होती आणि आबांना. तिसऱ्या टाळीला एजंट घाबरून म्हणाला, "यू राइट, मेट?"

"नो वरीज," आबा म्हणाले, "पण युअर लाउंज इज टू टॉकेटिव्ह." मग माझ्याकडे वळून, "बेडरूम गप्प आहेत, घेऊन टाक. लाउंजमध्ये मात्र बायकोशी भांडू नकोस. शेजारी शब्दन् शब्द जाईल."

घर घेतलं. शेजारी पंजाबी कुटुंब आहे. महिन्याभरातच त्या बाई माझ्या बायकोला म्हणाल्या, "भाभीजी, परसों गलती भाईसाब की ही थी." त्यांना मराठीचं अक्षर येत नाही. त्या दिवसापासून मी फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेतलं आणि आबांचा आकडा ताडून बघू लागलो. सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त फरक मला कित्येक वर्षं सापडला नाही.

आमच्या मंडळाचं गणपतीतलं नाटक एका शाळेच्या बास्केटबॉल हॉलमध्ये होतं. आबांनी टाळी वाजवली आणि कपाळावर हात मारला. "इथे आवाज चार सेकंद भटकतोय. हिरॉइन 'चालता हो' म्हणेल तेव्हा लोकांना हिरोचं मागचं वाक्य ऐकू येत असेल." उपाय म्हणून त्यांनी फर्मान काढलं, की प्रत्येक घराने एक जाड डूना, म्हणजे इथली रजई, आणावी. सत्तावीस डूना मागच्या भिंतीवरच्या लाकडी दांड्यांना टांगले गेले.

"आबा, नाटकाला बोलावलंय की मुक्कामाला?" कुणीतरी विचारलं.

"नाटक आपलंच आहे," आबा म्हणाले, "सोय असलेली बरी."

त्या वर्षी शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक वाक्य पोचलं. आमचे संवाद किती टुकार असतात, हेही लोकांना तेव्हाच पहिल्यांदा कळलं. डूना परत वाटताना जो घोळ झाला त्यात आमचा निळा गेला आणि आमच्याकडे कुणाच्या तरी मुलाचा डायनासोरवाला आला, तो अजून आहे.

हे सगळं हसण्यावारी जायचं. पण दुपारच्या चहानंतर आबा टॅबलेट घेऊन बसले की घरात कुणी त्यांना हाक मारत नसे. तेव्हा ते त्या शहरात असत. राजवट बदलली, हॉलमध्ये फर्निचरची प्रदर्शनं लागली, मग कुस्त्या झाल्या, मग छत गळायला लागून कुलूप लागलं, मग तो पाडून मॉल बांधायचं ठरलं आणि बारगळलं. हे सगळं आबांनी इथे बसून, तिथली विसरत चाललेली भाषा बोटाने ओळ धरून वाचत, पाहिलं होतं. हॉलचं नूतनीकरण होणार अशी बातमी आली तेव्हा त्यांनी पेढे वाटले. "आबा, इट्स जस्ट अ बिल्डिंग," नात म्हणाली.

"हो ग, आणि तू जस्ट अ नात," आबा म्हणाले आणि तिला दोन पेढे दिले.

पण नकाशे बघून त्यांचं जेवण तुटलं. लाकडी खुर्च्या काढून जाड गाद्यांच्या बसवणार होते, खाली गालिचा. "उशी दाबून मारताहेत त्याला," ते म्हणाले. भरलेला हॉल एकदा ऐकायचा, एवढीच इच्छा उरली होती, आणि आता तो हॉलच राहणार नव्हता. त्यांनी ईमेल लिहिली. तिकडून काम बघणाऱ्या इंजिनियर बाईंचं उत्तर आलं, की मूळ मोजमापांचे कागद गळक्या छताखाली भिजून गेले. तुमच्याकडे काही आहे का?

वही तीन प्लास्टिकच्या पिशव्यांमधून आमच्या जेवणाच्या टेबलावर आली. चार शनिवार मी ते आकडे कॉम्प्युटरवर चढवले. सहाशे चाळीस नोंदी. त्यातली एक मला जुळेना, तसं मी सांगितलं. आबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फोन आला. "उणे अठरा होतं रे त्या दिवशी. टाळी हातमोजे घालून वाजवली होती. ती ओळ खोड."

आकडे तिकडे गेले आणि गालिचा रद्द झाला. गाद्या पातळ झाल्या. आणि बाईंनी पहिल्या मैफलीच्या दोन जागा आबांच्या नावाने ठेवल्या, चौदाव्या रांगेत.

त्याच आठवड्यात ते आमच्याकडे आले, सवयीने लाउंजमध्ये टाळी वाजवली आणि म्हणाले, "आठ दशांश." माझ्या फोनवर एक पूर्णांक तीन होतं. या खोलीचा आकडा त्यांनीच मला कितीदा सांगितला होता.

"किती आलं?"

मी फोन खिशात सरकवला.

"सांग की. तू कधीपासून आकडे लपवायला लागलास?"

"एक पूर्णांक तीन," मी म्हणालो.

आबांनी मान हलवली. "वर्ष होत आलं. वरचे सूर आधी जातात. बासरी गेली, आता कुकरची शिट्टीसुद्धा पुसट झालीय. मुलाला सांगितलं नाही, नाहीतर म्हणेल, मग जाताच कशाला?"

मुलाने तसं नाही म्हटलं, पण एवढ्या लांबच्या प्रवासाला पंचाहत्तरीत जायचं तर जरा उन्हाळा येऊ द्या, असं म्हटलंच. "हॉल थांबेल रे," आबा म्हणाले, "कान थांबायचे नाहीत." शेवटी तीच नात युनिव्हर्सिटीतून आठवड्याची सुट्टी काढून त्यांच्याबरोबर गेली.

तिकडची मैफल संपली तेव्हा इथे सकाळ होती आणि मी डबे भरत होतो. फोन वाजला.

"अरे, लोक खोकतात!" आबा जवळजवळ ओरडलेच.

"म्हणजे?"

"वाद्यं जुळवून झाली, दिवे उतरले, आणि अख्खा हॉल एकदम खोकला. शेजारची बाई दहा मिनिटं गोळीचा कागद सोडवत होती. आठ महिने होतो मी तिथे, पण माणसं खोकतील हे कधी डोक्यातच आलं नाही बघ."

"आणि संगीत?"

"व्हायोलिनं वर चढली की मला नुसते गज हलताना दिसायचे. मग पोरगी माझा हात दाबायची, म्हणजे वाजतंय असं समजायचं. खर्जातले सेलो ऐकले. ढोल ऐकले. खोकला तर शेवटच्या रांगेपर्यंतचा ऐकला."

त्यांच्या मागे कोट चढवण्याची, खुर्च्या मिटण्याची, निरोपाच्या बोलण्याची गडबड ऐकू येत होती. मी म्हटलं, आबा, आता निवांत बसा जरा तिथे, घाई काय आहे.

"नको," ते म्हणाले. "हॉल रिकामा व्हायच्या आत निघतो. रिकामा मी पाहिलाय."