खुनी कोण, ते सांगायचं नाही!

आम्ही टॉकीजमधली जुनी मंडळी भेटलो की एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याच्या तोंडात पुढचा तयार! मी तेव्हा पनवेलच्या एका पत्र्याच्या टॉकीजमध्ये डोअरकीपर होतो. आमच्याकडे लागायचे ते स्वस्तातले ब्लॅक अँड व्हाइट रहस्यपट. निर्मात्याकडे दिव्यांना पैसे नसत आणि त्या काळोखानेच आमची बोबडी वळे! मला तर रंगीत सिनेमांपेक्षा तेच आवडत.

*

एकदा पडद्यावर हवेलीत प्रेत पडलेलं. शेड चिडीचूप. इतक्यात प्रेताने नाक हलवलं! आम्ही दचकलो. पुढच्या बाकावरून एकजण ओरडला, "अरे, शूटिंग पनवेलात झालंय! मच्छर चावतोय त्याला!"

*

आमच्या ऑपरेटर शंकरने एका मॅटिनीला तंबाखू मळता मळता शेवटचं रीळ इंटर्व्हलच्या आधीच लावलं. खुन्याला बेड्या पडल्या आणि पुढच्या रिळात तोच गृहस्थ हिरॉइनला चहा देतोय!

"बाय, पिऊ नको तो चा!" अख्खी शेड ओरडायला लागली.

लोकांना भलतीच मजा आली. पण खुनी कोण ते संध्याकाळपर्यंत साऱ्या बाजाराला कळलं आणि दुसऱ्या दिवशी टॉकीज ओस! मालक आमच्या मॅनेजर बापूंना म्हणाले, "पुढचा सिनेमाही पडला तर शेडमध्ये तांदळाची पोती भरतो." बापूंचा सगळा जीव त्या टॉकीजमध्ये. त्यांना जेवण जाईना.

*

पुढचा सिनेमा लागला तेव्हा बापू दारात नारळ घेऊन उभे! बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने त्यावर हात ठेवून शपथ घ्यायची, "खुनी कोण, ते सांगणार नाही." दारात शेंगा विकणाऱ्या, ओवे गावच्या चांगुणाबाईनेही घेतली. "मान कापली तरी बोलायची नाय!"

बाजारातल्या एका कंपाउंडरने तर बायकोलाही सांगितलं नाही. तिने अबोला धरला आणि शेवटी आळीतल्या सगळ्या बायकांना घेऊन स्वतःच सिनेमाला आली. बापूंनी कंपाउंडरला कडकडून मिठी मारली!

*

शनिवारी दुपारी मात्र कमाल झाली. एस.टी. बदलायला पनवेलला उतरलेला एक माणूस तिकिटाच्या रांगेजवळ आला. बघतो तर काय, सिनेमातला खुनी! बिचारा छोटा नट, एवढी गर्दी बघून हरखला होता.

"मला ओळखलंत?" तो रांगेला विचारू लागला.

अर्ध्या रांगेने सिनेमा पाहिलेला, अर्धी पहिल्यांदाच आलेली. पाहिलेले एकजात आभाळाकडे बघायला लागले. बापूंच्या तोंडचं पाणी पळालं. कुणी 'खुनी' म्हणून ओरडलं की पोती आलीच!

"अहो, नीट बघा ना! काम केलंय मी ह्यात!" नट रडकुंडीला आला.

चांगुणाबाई पुढे झाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नाय बाबा, तुला कंदी बगितलाच नाय!"

त्याचा चेहरा पडला. रुमाल काढून तो घाम पुसू लागला. तशी तिने शेंगांची पुडी त्याच्या हातात कोंबली. मी दारातच होतो म्हणून ऐकलं. ती त्याच्या कानाशी लागली, "घाम नको पुसू, दादा. शिनेमात पोलीस तिथंच धरतान तुला!"