कादंबरीची पोथी

लातूरला कलेक्टर आला आणि पाणी गेलं, असं आमच्या वसतिगृहातल्या मुली म्हणायच्या. जिल्हा नवा, कचेऱ्या नव्या, पाट्यांवरचा रंगसुद्धा ओला. कोरडं पडलं होतं ते फक्त आमचं बोअर. दिवाळीच्या आठ दिवस आधीच आम्हाला सांगण्यात आलं, की आता घरी जा, पाण्याची सोय झाली की कार्ड टाकू. मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. चार कपडे, इतिहासाचं एक पुस्तक आणि मैत्रिणीकडून हिसकावून घेतलेली एक कादंबरी पिशवीत कोंबून मी मुरुडच्या बसमध्ये बसले.

कादंबरी प्रेमाची होती. आज हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही. तेव्हा मात्र वाटत होती, म्हणून तिला मी वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं आणि वर ठळक अक्षरात 'इतिहास' लिहिलं होतं. पुण्यातली गरीब पण मानी मुलगी, मोटारीतून फिरणारा तुसडा नायक, मग गैरसमज, मग ताप, मग तापात त्यानं तिचा हात धरणं. असलं काही वाचायचं म्हणजे भिंतीला पाय लावून, पोटावर चिवड्याची वाटी ठेवून वाचावं. मी तशीच वाचली. दोन दिवसांत संपली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून धरली. त्या तीन दिवसांइतकी लाडाची सुट्टी मला पुढे मिळाली नाही.

चौथ्या दिवशी कळलं, की भाऊबीज झाली की मला बघायला येणार आहेत.

मुलगा लातूरच्या नव्या कचेरीत कारकून होता. जिल्हा झाल्यापासून कारकुनांचे भाव असे चढले होते, की आमच्यासारख्या मास्तराच्या घरात असं स्थळ चालून येणं म्हणजे नशीबच म्हणायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शाळेत मास्तर. ते वाईट नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं, की दुष्काळात मुलीला वसतिगृहात ठेवण्यापेक्षा नळ असलेल्या घरात द्यावी. मी पुढच्या शिक्षणाचं काढलं, तर म्हणाले, कलेक्टर तर आलाय आता, तू शिकून दुसरं काय होणार? स्वतःच्या विनोदावर ते हसले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मंडळी आली, पोहे खाल्ले, मला चालून दाखवायला सांगितलं. मुलाचे मामा मध्यस्थ होते. जाताना ते म्हणाले, आम्हाला मुलगी पसंत आहे, तुमचा होकार आला की तुळशीचं लग्न झाल्यावर लगेच उरकून टाकू. कॉलेजचं नाव कुणी काढलं नाही. होकार द्यायचा म्हणजे कॉलेज सुटलं, हे सगळे धरूनच चालले होते.

मी त्या घरात अडकले. मैत्रिणी नाहीत, पैसे नाहीत, एकटीनं एस.टी. स्टँडवर जायची सोय नाही. दिवसातून एकदा टँकर यायचा तेवढं बाहेर पडायचं, घागरींच्या रांगेत तासभर उभं राहायचं आणि पुन्हा आत. आमचा पोस्टमन दुपारी बाराला यायचा. वसतिगृहाचं कार्ड आलं तर मी सुटले असते, कारण अण्णांनी फी भरलेली होती आणि भरलेली फी वाया घालवणं त्यांच्या जिवावर यायचं. पण कार्ड येईना. होकार आधी जातो की कार्ड आधी येतं, एवढ्यावर माझं सगळं येऊन ठेपलं होतं.

आता पोथीचं सांगते. आमच्याकडे दिवाळीत पोथी लावायची पद्धत होती. दुपारी कुणीतरी वाचायचं, बायकांनी ऐकायचं. अध्याय अर्धवट सोडायचा नाही, आणि आमच्या घराण्यात आणखी एक जास्तीचा नियम होता: पोथी लागली की समाप्ती होईपर्यंत घरातून सोयरिकीचा होकार द्यायचा नाही. कधीतरी कुणाचंतरी ठरलेलं लग्न मोडलं होतं म्हणे. दरवर्षी अण्णा वाचायचे. त्या वर्षी त्यांना टंचाईच्या याद्या करायला लावलं होतं, त्यामुळे पोथी राहून गेली होती.

पाडव्याच्या दुपारी आई मला म्हणाली, की तू दिवसभर ज्यात तोंड खुपसून बसतीस ते तरी वाच मोठ्यानं. शेजारची चुलतीही येऊन बसली. दोघींचे हात रिकामे होते, कारण पाण्याशिवाय करायचं तरी काय? आईनं पाट मांडला. पुस्तकाचं कव्हर काढून टाकलं. आतून नायक-नायिका निघाले, एकमेकांच्या डोळ्यांत बघणारे. आईनं एक क्षण बघितलं आणि सवयीनं हळदीकुंकू वाहिलं. कुंकू नेमकं नायकाच्या नाकावर बसलं. मी वाचायला लागले. चुलती प्रत्येक वाक्याला 'हूं' म्हणत होती, आणि नायकानं नायिकेचा अपमान केला तिथं तिनं डोळे पुसले. प्रकरण संपल्यावर दोघींनी पुस्तकाला नमस्कार केला. मी हसू दाबून दाबून बेजार झाले.

मग मंडळी येऊन गेली आणि आठवड्याभरानं मामांचा निरोप आला, की होकार कळवा. अण्णा पत्र लिहायला बसले. आईनं त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाली,

"घरात पोथी लागलेली हाय. समाप्ती होऊ द्या."

अण्णांनी चष्मा काढला. ही कसली पोथी, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, पाट मांडला, हळदीकुंकू वाहिलं, रोज नेमानं वाचायलोय, मग पोथी न्हाई तर काय? चुलतीनंही मान डोलावली. अण्णा देवभोळे होते आणि त्याहून जास्त चुलतीच्या तोंडाला भीत होते. त्यांनी पत्र बाजूला ठेवलं. मला वाटलं, बिचारी आई, तिला कादंबरी आणि पोथी यातलं अंतर कळत नाही. मी तिच्या भोळेपणाचा फायदा घ्यायचं ठरवलं.

आई निजामाच्या राज्यात उर्दूच्या तिसरीपर्यंत शिकली होती. पुढे राज्य गेलं, शाळा मराठी झाली आणि तिला घरी बसवलं. मराठी तिला बसच्या पाट्यांपुरतं वाचता येतं, अशी माझी समजूत. वाचन झालं की ती पुस्तक फडक्यात बांधायची आणि दुसऱ्या दिवशी नेहमी उलटं ठेवायची, मागची बाजू वर. मी ते सुलटं करायचे. मनातल्या मनात तिची कीवही करायचे.

कादंबरी एका गुरुवारी संपली. नायक-नायिकेचं लग्न झालं, मोटारीत बसून दोघं महाबळेश्वरला गेली. मी ते वाचलंच नाही. पान उलटलं आणि तोंडाला येईल ते सांगायला लागले. नायकाची बदली केली. त्याच्या आत्याला पक्षाघात आणला. नायिकेला कॉलेजात घातलं, पहिल्या नंबरानं पास केलं, पुन्हा पुढच्या वर्गात घातलं. पुणं मी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे माझ्या पुण्यात लातूरच्या बाजारपेठेतली गंजगोलाई होती आणि नायिका सकाळी उठून टँकरच्या रांगेत उभी राहायची. पुण्यात बी टँकर येतो का, असं चुलतीनं विचारलं. मी म्हटलं, येतो. तिला फार बरं वाटलं.

पहिले दोन दिवस मजा वाटली. नंतर भीतीच वाटायला लागली. शेवटची चार पानं मी पुन्हा पुन्हा उलटायचे आणि डोळे उगाच ओळींवरून फिरवायचे. सकाळी घागरी भरताना आज काय घडवायचं याचा विचार करायचे. बाराला पोस्टमन सायकल न थांबवता जायचा आणि तीनला मला पाटासमोर बसावं लागायचं. घरात अडकले होतेच, आता स्वतःच रचलेल्या गोष्टीतही अडकले. थांबले तर लग्न, चालू ठेवलं तर खोटं. रात्री झोप लागायची नाही ती नायिकेच्या काळजीनं.

नवव्या दिवशी मुलाचे मामा स्वतः आले. ओसरीवर बसून त्यांनी कसली एवढी पोथी म्हणून विचारलं, आणि चुलतीला तेवढंच हवं होतं. तिनं मोटारीपासून तापापर्यंत सगळी कथा सांगितली. ऐकता ऐकता मामांच्या कपाळावर आठ्या पडल्या. हे तर आमच्या घरी वाचलंय, ते म्हणाले. आमच्या मंडळींना असल्या पुस्तकांचा नाद आहे. ते लग्नात संपतं, कॉलेजबिलेज काही नाही त्यात.

मी दाराआड उभी होते. अण्णांनी वळून माझ्याकडे बघितलं. आता पत्र जाणार आणि सोबत माझा खोटेपणाही गावभर जाणार, एवढंच मला कळत होतं.

तेवढ्यात आई बाहेर आली. परक्या पुरुषासमोर ती कधी बोलायची नाही. तिनं पदर सावरला आणि म्हणाली,

"तुमच्या मंडळींनी अर्धंच वाचलं असंल. आमच्यात लई पानं हायत. अजून पंधरा दिस तरी समाप्ती न्हाई."

मामा उठले. आमच्या मुलाला मुलींची वाण नाही, असं म्हणून गेले, आणि ते खरंच होतं. महिन्याच्या आत शिरूर अनंतपाळची मुलगी त्या घरात गेली. अण्णा चप्पल घालून शाळेकडे निघून गेले. त्यांनी पुढचे काही दिवस आमच्या दोघींशीही बोलणं टाकलं.

मी आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. तिनं चुलीवरचं भांडं उतरवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"पैल्याच दिवशी बघितलं मी. आमची उर्दूची किताब त्याच अंगानं उघडती, म्हणून सवयीनं तिकडूनच उघडलं. पैलंच पान, त्याच्यावर समाप्त. पोथीत बी तोच शब्द असतो, तेवढा मला येतो. तिथवर तू गुरवारीच गेलतीस."

मी विचारलं, मग काही बोलली का नाहीस?

"काय बोलू? तू चांगलं सांगायलतीस," ती म्हणाली.

मी तिच्या गळ्यात पडले नाही. आमच्यात तशी रीत नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला आधी राग आला. जिला मी भोळी समजत होते तिनं मला नऊ दिवस घाम फोडला होता. राग ओसरला तेव्हा शरम वाटली आणि ती बराच काळ गेली नाही.

कार्ड आणखी पाच दिवसांनी आलं. वसतिगृहाला टँकर मिळाला होता. अण्णांनी कार्ड दोनदा वाचलं, फीचा आकडा पुटपुटले आणि सकाळची बस कितीची आहे ते मला सांगितलं.

त्या दुपारी आईनं समाप्ती केली. वाटीभर शिरा केला, पुस्तकाला दाखवला आणि मला शेवट करायला सांगितलं. खरा करू की माझा, असं मी विचारलं. ती म्हणाली, तुझाच कर. मी नायिकेला नोकरी लावली, नायकाला तिच्या गावी बदली मागायला लावली आणि संपवलं. चुलतीनं हात जोडले आणि शिरा घेऊन घरी गेली. आई बसून राहिली.

"त्या पोरीच्या मायचं काय झालं पुढं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, तिचं काय व्हायचं होतं?

"न्हाई, तू सगळ्यांचं सांगितलंस. आत्याचं सांगितलंस, डायव्हरचं बी सांगितलंस. मी रोज वाट बघायची की आज तिचं येईल."

मी आठवून पाहिलं. पुस्तकात ती बाई दोनदा चहा घेऊन आली होती. माझ्या गोष्टीत मी तिला तेवढंही बाहेर काढलं नव्हतं.