ओल्या कुंकवाची पावलं

"काकू, तो गालिचा नका ना उचलू प्लीज," केतकी म्हणाली.

भाड्याच्या फ्लॅटची तपासणी करायला आलेल्या माणसाला असं सांगितलं, की तो आधी गालिचाच उचलतो. मीही उचलला. गुडघे कुरकुरले, पण उचलला.

खाली पांढरं मार्बल. त्यावर लक्ष्मीची पावलं, मूठ टेकवून उमटवतात ना, ती. स्वयंपाकघराकडे निघालेली, लालसर. दाराजवळ मात्र पावलं नव्हती. तिथे नुसते धुरकट चट्टे होते, काचेवर दही सांडून वाळावं तसे.

मी सिव्हिल इंजिनीयर. चाळीस वर्षं बांधकामात गेली. आता इंदौरबाहेर राहणाऱ्या मालकांचे फ्लॅट बघते. अ‍ॅग्रीमेंट संपत आलं की जायचं, नळ, भिंती, फरशी तपासायची आणि रिपोर्ट द्यायचा. विजय नगरच्या या फ्लॅटचे मालक अग्रवालजी उज्जैनला असतात. फोनवर त्यांनी आधीच बजावलं होतं, "मैडम, फ्लोर ज़रा ध्यान से देखना. मार्बल मैंने खुद पसंद किया था. बिगाड़ा होगा तो अपन रिन्यू नहीं करेंगे."

ते रविवारी येणार होते. तो दिवस बुधवार. केतकीला आठवा महिना चालू होता, नवरा टूरवर. अशा वेळी घर बदलायचं म्हणजे काय, ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"पावलं मी काढली," आतून तिच्या सासूबाई सुमनताई आल्या. "आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. राऊ गावातल्या आमच्या जुन्या घरी दर वर्षी अशीच काढायची मी."

"कुंकू ओलं करून?"

"मग? कोरडं पंख्याने उडतं ना!"

"राऊच्या घरी फरशी कुठली होती?"

"कोटा."

तिथेच सगळं कळलं. जुन्या, घासून गुळगुळीत झालेल्या कोटा दगडाच्या लादीवरचं कुंकू ओल्या फडक्याने निघून जातं. पांढरं मार्बल बिचारं सगळं पिऊन टाकतं.

"आणि हे चट्टे?"

केतकी खाली बघायला लागली. "ते मी. डाग निघेना, म्हणून बाथरूमचं अ‍ॅसिड टाकलं. फेस आला. मला वाटलं, निघतंय."

"निघतच होतं. फरशी निघत होती."

मार्बल म्हणजे चुन्याच्या जातीचा दगड. अ‍ॅसिड पडलं की त्याची वरची कातडीच जाते. याला आम्ही एचिंग म्हणतो. डाग दगडाच्या आत असतो, एचिंग वर असतं. दोघांचं औषध वेगळं.

हे सगळं मी आवाज चढवून सांगणार होते. तेवढ्यात मला पंचविशीतली मी आठवली. पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं ऑफिस बांधत होतो. मी नवीकोरी इंजिनीयर. हातात टेप, डोक्यावर हेल्मेट. ते हेल्मेट मी डबा खातानाही काढत नसे, न जाणो कोणी ओळखलं नाही तर! उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मार्बलवर सिमेंटचे चार ठिपके दिसले. मी ऐटीत दोन बादल्या अ‍ॅसिड मागवलं. कोणाला विचारायचं? डिग्री माझ्याकडे होती.

संध्याकाळी चौहान साहेब आले. ते माझे बॉस. आरशासारख्या फरशीचं झालेलं पिठलं त्यांनी शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "मैडम, सीमेंट ने तो चार दाग दिए थे. बाकी सब अपन ने दिए." नोकरीवरून काढलं नाही. पुढचे आठ दिवस मला पॉलिशवाल्या इक्बालभाईंच्या शेजारी उकिडवं बसवलं, हेल्मेटसकट.

म्हणून केतकीला मी एवढंच सांगितलं, "रिपोर्टात खोटं लिहिणार नाही. पण रिपोर्ट रविवारचा आहे. आज बुधवार. खर्च तुमचा, डोकं माझं."

मुलतानी मातीत हायड्रोजन पेरॉक्साइड घालून श्रीखंडाएवढा दाट लेप केला. आधी कपाटामागे, कोपऱ्यात लावून बघितला. दगड नीट राहिला, मग प्रत्येक पावलावर थापला. वर प्लास्टिक, कडांना टेप. दिवसभर तसंच ठेवायचं, मग उघडून वाळू द्यायचं. वाळता वाळता माती डाग वर ओढून घेते.

"म्हणजे फरशीचं फेशियल," सुमनताई म्हणाल्या. "माझं मेलीचं लग्नातसुद्धा झालं नव्हतं."

दोन लेपांत पावलं गेली. एक सोडून. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी कुंकू जास्त दाट होतं. तिथलं पाऊल फिकं गुलाबी झालं आणि अडून बसलं.

चट्ट्यांसाठी शनिवारी इक्बालभाईंचा मुलगा मशीन घेऊन आला. आधी खरखरीत पॅड, मग बारीक, मग त्याहून बारीक. पाणी सोडत घासायचं, म्हणजे धूळ उडत नाही. दुपारी सुमनताई हरखून ओरडल्या, "अगं बघ, कसं चमकतंय!"

"हाँ नी, हीच तर पंचाईत," मी म्हटलं. चार ठिकाणं नवी दिसायला लागली की बाकीचा हॉल जुना दिसतो. आंधळ्यालाही कळलं असतं. शेवटी अख्ख्या हॉलवर बारीक पॅड फिरवला. संध्याकाळ झाली. तिसऱ्या लेपाला वेळ उरला नाही.

"त्या पावलावर पायपुसणं टाकू?" केतकीने हळूच विचारलं.

"पुन्हा गालिचा? नको."

रविवारी अग्रवालजी आले. त्यांनी बूट काढायच्या आत मी रिपोर्ट हातात दिला: चार जागी एचिंग, दुरुस्त केलं. कुंकवाचे डाग काढले, एक फिका डाग शिल्लक. त्यांनी चष्मा लावून वाचलं. मग खिडकीकडे तोंड करून खाली वाकले आणि तिरक्या उजेडात अख्खी फरशी न्याहाळली. मार्बल ओळखणारा माणूस होता. केतकी भिंतीला टेकून उभी होती, कमरेवर हात ठेवून.

"मैडम, एचिंग तो मुझे कहीं दिख नहीं रही. आपने लिखी क्यों?"

"अगले साल आप ढूँढ लेते, फिर मुझे फोन करते. इस उमर में डाँट हजम नहीं होती, भिया."

ते उंबऱ्यापाशी थांबले. "और ये?"

"लक्ष्मीजी का पाँव है," सुमनताई म्हणाल्या. "गलती मेरी है, भाईसाहब. बहू की नहीं."

"कहो तो मशीन लगाकर अभी घिसवा दूँ," मी म्हटलं. "बस रिपोर्ट में लिखना पड़ेगा कि आपके कहने पर मिटाया."

अग्रवालजींनी एकदा पावलाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "मैडम, सुबह-सुबह मरवाओगी क्या!" मग केतकीकडे वळले. "पेपर लाओ बेटा. ग्यारह महीने और. पर अगली बार पाट पे निकालना."

केतकी सही करेपर्यंत उभीच होती. मग मात्र खुर्चीत बसली ती जेवायलाच उठली.

तेव्हापासून माझ्या तपासणीच्या फॉर्मवर नळ, स्विच, खिडक्या यांच्या खाली एक जादा प्रश्न आहे: कुंकू ओलं की कोरडं? भाड्याने राहणारी सॉफ्टवेअरवाली पोरं तो वाचून माझ्याकडे संशयाने बघतात. बघू देत. डाग पडला तर हात बांधून बसा आणि मला फोन करा, एवढंच त्यांना सांगते. डागाने फरशी मरत नाही. घाबरून पुसणाऱ्याने मरते, आणि त्याच्या डोक्यावर हेल्मेट असेल तर जरा लवकरच.